पारितोषिकोत्तर कलहमीमांसा

अभिनयाचे एखादे पारितोषिक जाहीर झाल्यापासून ते पुढच्या वर्षीचे जाहीर होईपर्यंत 'ते योग्य नटाला मिळाले का' या एकाच प्रश्नावर जी अखंड चर्चा चालते, तिच्यासाठी प्रस्तुत लेखात 'पारितोषिकोत्तर कलह' अशी संज्ञा योजली आहे. 'परिसंवाद' हा अधिक सभ्य शब्द हाताशी असताना 'कलह' कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु परिसंवादात एक जण बोलत असतो आणि बाकीचे पेंगत असतात, तर येथे एक जण बोलत असताना बाकीचेही बोलतच असतात, हा भेद ध्यानात घेता संज्ञेची निवड चुकलेली नाही. ती चुकली आहे असे ज्यांना वाटेल, त्यांनी अभ्यासविषयात नकळत प्रवेश केला आहे असे समजावे.

या कलहाचे आद्य लक्षण असे, की निकाल काय लागला यावर तो मुळीच अवलंबून नसतो. निकाल 'अ'च्या बाजूने लागला तर 'ब'वर अन्याय होतो, 'ब'च्या बाजूने लागला तर 'अ'वर. दोघांना विभागून दिला तर दोघांवर निम्मा-निम्मा, आणि कोणालाच दिला नाही तर समग्र रंगभूमीवर. यातील शेवटचा प्रकार केवळ तर्काने काढलेला नाही. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत २०२२ साली परीक्षकांनी मुख्य करंडकासाठी एकही एकांकिका पात्र नसल्याचे ठरवले आणि 'भलत्यालाच दिला' असे म्हणण्याची सोयच त्यामुळे नाहीशी झाली. तरीही वाद रतिभर कमी झाला नाही, उलट जो कोणालाच मिळालेला नाही तो खरा कोणाला मिळायला हवा होता, या प्रश्नाला उत्तरे देणाऱ्यांची संख्या वाढली.

दुसरे लक्षण अधिक सूक्ष्म आहे. कलहकर्त्याने संबंधित प्रयोग पाहिलेला असण्याची अट नसते, आणि अनुभवाअंती असे दिसते की पाहिलेला असल्यास त्याची अडचणच होते. ज्याने दोन्ही प्रयोग पाहिले आहेत असा एखादा भाबडा माणूस 'तसे दोघेही चांगले होते' असे काहीतरी पुटपुटतो आणि मंडळी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहतात, त्या नजरेने पंगतीत पुरणपोळी नको म्हणणाऱ्याकडेच पाहिले जाते. न पाहिलेल्याचा आवाज मात्र खणखणीत असतो.

'तुम्ही पाहिलंत का नाटक?'

'पाहायचं काय त्यात? मी त्याला चांगला ओळखतो.'

'ज्याला मिळालं त्याला?'

'छे हो. ज्याला मिळायला हवं होतं त्याला. आमच्या मेहुण्याच्याच बिल्डिंगमध्ये राहतो. जिन्यात भेटला तरी काय सुंदर बोलतो!'

पूर्वी निकाल आणि निकालावरचे मत यांच्यामध्ये वर्तमानपत्र छापून दारात पडेपर्यंत एक अख्खी रात्र जात असे, आणि तेवढ्या अवधीत काही जणांचा राग झोपेत उतरूनही जात असे. मोबाइल आल्यापासून ही रात्र उरलेली नाही; आता मत आधी येते आणि निकाल मागाहून, वरातीमागून घोडे यावे तसा, येतो.

हा कलह आधुनिक काळाचे अपत्य आहे असा एक गैरसमज आढळतो, त्याचे निराकरण नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायाने होते. या अध्यायात भरतमुनींनी 'सिद्धी', म्हणजे प्रयोगाला लाभलेले यश, कसे ओळखावे याचे विवेचन केले असून, स्पर्धेत मतभेद उद्भवल्यास निर्णय देणाऱ्या परीक्षकांना त्यांनी 'प्राश्निक' असे नाव दिले आहे. हे प्राश्निक दहा प्रकारचे: यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, व्याकरण जाणणारा, राजा, धनुर्धर, चित्रकार, वेश्या, गायक आणि राजसेवक. यातील प्रत्येकाने आपापल्या विषयापुरतेच बोलावे, म्हणजे धनुर्धराने नटाच्या उभे राहण्यातला डौल पाहावा, वैयाकरणाने शब्द तपासावेत आणि राजसेवकाने दरबारी शिष्टाचार बिनचूक आहे की नाही तेवढे सांगावे, अशी ही व्यवस्था. मुनींची दृष्टी दूरची होती. परंतु पुढे मराठी प्रेक्षक नावाची एक व्यक्ती जन्माला येऊन ही दहाही पदे एकटीच, तीही बिनपगारी, सांभाळील आणि वर 'राजा' या पदाचा कार्यभार कायमचा स्वतःकडे ठेवील, एवढे दूरचे त्यांनाही दिसले नसावे.

त्याच अध्यायात 'घात', म्हणजे प्रयोगात येणारी विघ्ने, यांचीही वर्गवारी आहे. काही दैवाने येतात, काही नट स्वतःच ओढवून घेतो, आणि काही प्रतिस्पर्ध्यांकडून येतात. या शेवटच्या वर्गात आरडाओरडा करणे, शेण व ढेकळे फेकणे आणि रंगमंचावर मुंग्या सोडणे यांचा उल्लेख आढळतो. मुंग्या जमवून, त्या डबीत भरून, नेमक्या नायकाच्या भाषणाच्या वेळी सोडण्यासाठी लागणारी चिकाटी पाहता, 'आमच्या नटाला डावलले' ही भावना त्या काळी किती तीव्र असावी याची कल्पना करता येते. आजच्या महाविद्यालयीन स्पर्धांत मुंग्यांचे काम घोषणा करतात.

प्राचीन अथेन्सवासीयांनी या दुखण्यावर निराळे औषध शोधले होते. डायोनिसस या देवाच्या उत्सवात तेथे नाटकांच्या स्पर्धा होत आणि इसवी सनापूर्वी ४४९च्या सुमारास शोकांतिकांतील नटांसाठी स्वतंत्र पारितोषिकही सुरू झाले, जे हरलेल्या नाटकातील नटालाही मिळू शके. दहा जमातींतून चिठ्ठ्या टाकून दहा परीक्षक निवडले जात, ते आपली मते एका भांड्यात टाकत, आणि त्या दहांतून दैवयोगाने हाती येतील ती पाचच मते मोजली जात. निर्णयात देवाचा हात राहावा आणि परीक्षकांना लाच देण्याचा खर्च दुप्पट होऊनही फळ निम्मेच मिळावे, असा हा दुहेरी बंदोबस्त. प्लेटोने तरीही तक्रार केलीच, की परीक्षक प्रेक्षकांच्या ओरडण्याला भिऊन निकाल देतात. ही पद्धत महाराष्ट्रात आणण्याची सूचना अधूनमधून करावीशी वाटते, परंतु न मोजलेल्या पाच चिठ्ठ्यांत काय लिहिले होते या एका मुद्द्यावर येथे तीन पिढ्या पोसल्या जातील, या भयाने ती मागे घ्यावी लागते.

मुळात महाराष्ट्राला पारितोषिकाचीही गरज नसते. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरमध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी नाटक मंडळ्यांचे मालक एका रंगमंचावर उभे राहिलेले. परीक्षक नव्हते, पदक नव्हते, गुणपत्रिका नव्हती, जमलेला पैसा देशकार्याला जायचा होता, आणि तरीही प्रेक्षागृहातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात निकाल तयार होता. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरात निवर्तले, त्यामुळे फेरतपासणीची शक्यता संपली आणि वाद अमर झाला. त्या रात्री कोण वरचढ ठरले याविषयी आजही ठाम मत देणारे लोक भेटतात. त्यांचे आजोबाही त्या प्रयोगाला गेले नव्हते, ही बाब गौण आहे.

या कलहाचे खरे माहेरघर म्हणजे राज्य शासनाची हौशी मराठी नाट्यस्पर्धा होय. या स्पर्धेत केंद्रा-केंद्रांवर प्राथमिक फेरी होते, तीन परीक्षक पुढच्या रांगेत एका टेबलामागे बसतात, आणि शेवटी उत्कृष्ट अभिनयाची रौप्यपदके व त्याखालोखाल अभिनयाची गुणवत्ता प्रमाणपत्रे जाहीर होतात. ज्यांनी दिवसभर बँकेत, शाळेत, महावितरणात किंवा औषधाच्या दुकानात काम करून रात्री नऊ ते बारा तालमी केल्या, बायकोचा शालू पडद्यासाठी आणि शेजाऱ्यांची आरामखुर्ची नेपथ्यासाठी नेली, त्यांच्या दृष्टीने त्या पदकाचे वजन तराजूवर येणाऱ्या आकड्याच्या पुष्कळ पुढे जाते. त्यामुळे निकालानंतर टेम्पोत नेपथ्य चढवताना जे उत्खनन सुरू होते, त्याची तुलना हडप्पाशीच करता येईल.

'दुसऱ्या अंकातल्या माझ्या पॉजला परीक्षक खाली बघत होते.'

'मार्क लिहीत असतील.'

'लिहीत कसले! चहाचा कप पायाखाली ठेवला होता, तो शोधत होते.'

'तिघंही?'

'एक शोधत होते, दोघं त्यांना टॉर्च दाखवत होते.'

येथे 'पॉज' या संज्ञेचा खुलासा आवश्यक आहे. दोन वाक्यांच्या मध्ये नट मुद्दाम घेतो त्या अर्थपूर्ण शांततेला नाट्यव्यवसायात पॉज म्हणतात. पुढचे वाक्य न आठवल्यामुळे जी शांतता पसरते तिलाही, निकाल लागल्यानंतर, पॉजच म्हणतात. पदक हुकलेल्या नटाच्या स्मरणात पहिल्या प्रकारचे पॉज वर्षागणिक लांबत जातात. ज्याला रौप्यपदक मिळाले, त्याचे कौतुक सत्कार आणि पेढे धरून आठवडाभर टिकते, नंतर पदक शोकेसमध्ये चिनी मातीच्या बदकाशेजारी जाऊन बसते आणि लोक विसरतात. ज्याचे 'थोडक्यात हुकले' तो मात्र त्या एका हुकण्यावर निवृत्तीपर्यंत, आणि पेन्शन बसल्यावर अधिक फुरसतीने, मान मिळवत राहतो. लग्नकार्यात त्याची ओळखही तशीच करून दिली जाते: 'हे आमचे भाऊजी. यांचं सिल्व्हर मेडल गेलं.' ज्याचे आले त्याची ओळख इतक्या अभिमानाने करून दिल्याचे पाहण्यात नाही.

कलहकर्त्यांचे अनेक संप्रदाय आहेत. त्यांतील 'थकबाकीवादी' हा सर्वांत वजनदार म्हणता येईल. 'थकबाकी' ही मूळची महसूल व वीजबिल या क्षेत्रांतली संज्ञा असून, अभिनयाच्या संदर्भात तिचा अर्थ असा, की एखाद्या नटाला ज्या भूमिकेसाठी पारितोषिक द्यायला हवे होते ती वेळ चुकली तर ते पुढे कोणत्या तरी किरकोळ भूमिकेच्या नावावर व्याजासह चुकते करावे. अमेरिकेत पॉल न्यूमन यांच्या बाबतीत हे फार सुबक रीतीने घडले: सहा वेळा नामांकन मिळून हात हलवत परत गेलेल्या या नटाला १९८६ साली ऑस्करचे सन्मानार्थ पारितोषिक देऊन हिशेब मिटवण्यात आला, आणि मिटवलेल्या हिशेबाची शाई वाळते न वाळते तोच पुढच्या वर्षी 'द कलर ऑफ मनी'साठी त्यांनी ते रीतसर जिंकले. यानंतर हा जादा हप्ता कोणाच्या खात्यातून वळता झाला, अशी पृच्छा सुरू झाली.

भारतीय उदाहरण अधिक बोधप्रद आहे. २००४ सालच्या चित्रपटांसाठीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार 'हम तुम'साठी सैफ अली खान यांना मिळाला, आणि त्याच वर्षीच्या 'स्वदेस'मधला शाहरुख खान पाहून ज्यांचे डोळे पाणावले होते त्यांनी ते पुसण्याऐवजी वटारले. 'स्वदेस'चे बरेचसे चित्रीकरण वाईजवळच्या मेणवलीत झालेले असल्यामुळे सातारा जिल्ह्याला हा अन्याय काहीसा घरचा वाटला. ज्यांच्या घाटावर तो नट प्रत्यक्ष वावरला, त्यांना दिल्लीच्या परीक्षक मंडळाने विचारलेसुद्धा नाही. पुढे पुष्कळ वर्षे, चहाला कोणताही विषय निघो, तो 'स्वदेस'वरून फिरून येत असे. अखेर २०२५ साली, २०२३च्या चित्रपटांसाठी, शाहरुख खान यांना त्यांचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार 'जवान'साठी, 'ट्वेल्थ फेल'च्या विक्रांत मॅसी यांच्यासह विभागून, जाहीर झाला. तब्बल वीस वर्षांची मागणी पूर्ण झाल्यावर मागणीदार समाधान पावतील, असा तर्क करणाऱ्याला मनुष्यस्वभावाचा परिचय नाही.

'घ्या, मिळाला एकदाचा. आता तरी खूश?'

'खूश कसला? "जवान"ला देतात का कुणी?'

'अहो, पण तुम्हीच म्हणत होता ना, द्यायला हवा म्हणून?'

'"स्वदेस"ला म्हणत होतो. आणि त्यातही अर्धा! "जवान"मध्ये त्याचा डबल रोल आहे. दोन रोलला मिळून अर्धा म्हणजे रोलमागे पडला किती? पाव!'

हे गणित बिनचूक असून त्यावर कोणालाही उत्तर सुचलेले नाही.

विभागून देण्याची ही युक्ती न्यायबुद्धीतून निघते असे म्हणतात, परंतु तिचा परिणाम एका भांडणाची दोन भांडणे होण्यात होतो. २०१२ सालच्या चित्रपटांसाठी हाच पुरस्कार 'अनुमती'चे विक्रम गोखले आणि 'पान सिंग तोमर'चे इरफान खान यांच्यात विभागला गेला, तेव्हा मराठी घरांत अभिमान आणि अन्याय या दोन्ही भावना एकाच वाटीत वाढल्या गेल्या. 'मराठी माणसाला कधी अख्खं देतील तर शपथ' हे वाक्य ज्यांनी उच्चारले, त्यांतील पुष्कळांनी 'अनुमती'चे तिकीट काढले होते का, हा प्रश्न विचारून शेजारधर्म बिघडवणे बरे नव्हे. ऑस्करच्या इतिहासात १९३२ साली फ्रेड्रिक मार्च यांना वॉलेस बीरी यांच्यापेक्षा एक मत अधिक पडले होते, परंतु तीन मतांच्या आतला फरक हा फरकच नव्हे असा तेव्हाचा नियम असल्यामुळे दोघांनाही विजयी ठरवण्यात आले. दोघांनीही त्या सुमारास मुले दत्तक घेतली होती, आणि अशा दोन पुरुषांना वर्षातल्या सर्वोत्तम पुरुषी कामगिरीबद्दल बक्षीस मिळावे याची मौज मार्च यांनी तेथल्या तेथे बोलून दाखवली. विजेत्यालाच निकाल विनोदी वाटल्याची ही नोंद दुर्मीळ म्हणावी लागेल. १९६९ साली कॅथरिन हेपबर्न आणि बार्बरा स्ट्रायसंड यांची मते तर अगदी तंतोतंत समान निघाली. हजारो मतदारांची मते एकसारखी पडावीत हे ज्यांना अशक्य वाटते, त्यांनी गृहनिर्माण संस्थेची निवडणूक पाहिलेली नसते.

आणखी एक संप्रदाय 'मोजमापवादी' या नावाने ओळखता येईल. नट पडद्यावर किती मिनिटे होता हे घड्याळ लावून पाहायचे आणि पारितोषिकाला तितक्या मिनिटांनी भागायचे, ही त्यांची रीत. 'शेक्सपिअर इन लव्ह'मध्ये राणी एलिझाबेथ झालेल्या ज्युडी डेंच यांना जेमतेम आठ मिनिटांच्या दर्शनावर ऑस्कर मिळाले, आणि 'नेटवर्क'साठी बीट्रिस स्ट्रेट यांना पाच मिनिटांवर. या हिशेबाने तीन अंक घसा फोडून बोलणाऱ्या हौशी नटाला किमान चाळीस पदके द्यावी लागतील. मोजमापाचाच पोटविभाग म्हणजे भूमिका 'मुख्य' की 'साहाय्यक' हा वाद. बिमल रॉय यांच्या 'देवदास'मधील चंद्रमुखीसाठी वैजयंतीमाला यांना फिल्मफेअरचे साहाय्यक अभिनेत्रीचे पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा आपली भूमिका पारोच्या, म्हणजे सुचित्रा सेन यांच्या, भूमिकेइतकीच महत्त्वाची आहे असे सांगून त्यांनी ते नाकारले. साठीतले काही मोजमापवादी अजूनही त्या चित्रपटात पारो आणि चंद्रमुखी यांची मिनिटे मोजत बसतात. देवदासने आयुष्यभर हेच केले आणि त्याचे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे.

मुख्य की साहाय्यक या प्रश्नाचे निर्विवाद उत्तर १९४५ साली बॅरी फिट्झजेराल्ड यांच्या रूपाने मिळाले होते. 'गोइंग माय वे' या चित्रपटातील एकाच धर्मोपदेशकाच्या एकाच भूमिकेसाठी त्यांना मुख्य आणि साहाय्यक अशा दोन्ही गटांत नामांकन मिळाले. मुख्य गटात त्याच चित्रपटातल्या बिंग क्रॉस्बी यांनी त्यांना हरवले आणि साहाय्यक गटात त्यांनी इतरांना हरवले. एकच भूमिका त्याच वर्षी जिंकावी आणि हरावीही, म्हणजे पारितोषिक योग्य नटाला मिळाले आणि त्याच वेळी योग्य नटाचे गेलेही, अशी ही अद्वैतावस्था पुढे नियम बदलून संपवण्यात आली. महायुद्धामुळे त्या वर्षी बाहुल्या धातूऐवजी प्लास्टरच्या होत्या, आणि फिट्झजेराल्ड यांनी घरात गोल्फचा सराव करताना आपल्या बाहुलीचे मुंडके उडवले. पारितोषिक योग्य हाती पडले काय, याचा विचार करताना हा पुरावा कोणत्या बाजूने धरावा हे ठरत नाही.

विजेता स्वतःच कलहात उतरल्याचे उदाहरण मात्र प्राण यांचे. १९७३ साली 'बेईमान'साठी मिळालेले साहाय्यक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक त्यांनी परत केले. आपल्याला ते चुकून मिळाले असे त्यांचे म्हणणे नव्हते, तर संगीताचे पारितोषिक 'पाकीजा'च्या दिवंगत गुलाम मोहम्मद यांना न मिळता 'बेईमान'लाच मिळाले, याचा तो निषेध होता. पडद्यावर आयुष्यभर दुसऱ्याचे हिरावून घेणाऱ्या माणसाने दुसऱ्यासाठी स्वतःचे परत द्यावे, यामुळे कलहशास्त्राचा पायाच हादरला. उलट बाजूला ऋषी कपूर यांनी २०१७ साली आपल्या आत्मचरित्रात 'बॉबी'च्या वेळचे पारितोषिक पैसे मोजून मिळवल्याची शरमिंदी कबुली दिली आणि 'जंजीर'च्या अमिताभ बच्चन यांची बाजू इतकी वर्षे लढवणाऱ्या 'कारस्थानवाद्यां'ची पंचाईत केली. संशय खरा ठरला की त्यावर बोलण्यासारखे काही उरत नाही; त्यांतील एक गृहस्थ त्या दिवशी जेवले नाहीत म्हणतात.

एवढ्या गदारोळात ज्याच्यासाठी हे चालते तो कोठे असतो, याचे उत्तर २०२१च्या ऑस्कर सोहळ्याने दिले. दिवंगत चॅडविक बोसमन यांचे नाव येणार अशा सार्वत्रिक अपेक्षेने अभिनेत्याचे पारितोषिक त्या वर्षी अगदी शेवटी ठेवले होते. नाव मात्र 'द फादर'च्या अँथनी हॉपकिन्स यांचे निघाले, ते सभागृहात नव्हते, आणि सोहळा आटोपला. जगभर पुरता कलह पेटलेला असताना ८३ वर्षांचे हॉपकिन्स वेल्समध्ये झोपले होते. झोपेत असताना आपण योग्य की अयोग्य हे ठरून गेलेले असणे, यापेक्षा नटाला अधिक शांत निकाल मिळणे कठीण.

आता या विषयात प्रस्तुत लेखकाचा अधिकार काय, हे सांगणे शिष्टसंमत ठरेल. प्रस्तुत लेखकाने परीक्षणाचे काम आयुष्यात एकदाच, एका उपनगरातील गृहसंकुलाच्या गणेशोत्सवातील एकांकिका स्पर्धेत, केले आहे, आणि त्यानंतर त्याला पुन्हा कोणी बोलावलेले नाही. परीक्षक तिघे होते. एकाला कमी दिसत असे, एकाला कमी ऐकू येत असे, आणि प्रस्तुत लेखकाला दोन्ही नीट येत असूनही नाटकातले कमी कळत असे. चौथी एकांकिका ऐन रंगात आलेली, मुलगा वडिलांना 'तुम्ही मला काय दिलंत?' असे विचारून उत्तराची वाट पाहत असलेला, इतक्यात अंधार झाला. अंधारातून हातात बॅटरी घेतलेला एक मध्यमवयीन गृहस्थ, कोणाकडेही न पाहता, स्टूल ओढत रंगमंचाच्या मध्यभागी आला, त्यावर चढला, वर पाहिले, एक दीर्घ पॉज घेतला आणि अत्यंत थकलेल्या आवाजात म्हणाला, 'किती वेळा सांगितलं, एवढा लोड घेऊ नका.' प्रकाश परत आला. तो उतरला आणि स्टूल ओढत निघून गेला. मुलाच्या प्रश्नाला बापाच्या पिढीने दिलेले ते उत्तर ऐकून प्रेक्षागृह स्तब्ध झाले. तिन्ही परीक्षकांनी, एकमेकांच्या कागदात न डोकावता, 'सहजता' या रकान्यात त्याला दहापैकी दहा गुण दिले.

उत्कृष्ट अभिनयाचे पाकीट आणि चषक घेण्यासाठी पुकारा झाला, तेव्हा तो मंडपाचा वायरमन असल्याचे उघड झाले. पुढील पाऊण तासाचा वृत्तान्त देण्यात अर्थ नाही. खजिनदारांच्या चिरंजीवांनी त्याच एकांकिकेत मुलाचे काम केले असल्यामुळे खजिनदार म्हणाले, की जो अभिनय करतच नव्हता त्याला अभिनयाचे बक्षीस कसे? त्यावर कमी ऐकू येणारे परीक्षक म्हणाले, 'तेच तर! कुठेही अभिनय दिसला नाही!' दुसऱ्या मजल्यावरच्या एका निवृत्त प्राध्यापिकांनी, नट भूमिकेशी एकरूप होतो म्हणजे काय याचे याहून स्वच्छ उदाहरण आपण वर्गात कधी देऊ शकलो नाही, असे सांगितले. बी विंगने वायरमनची बाजू घेतली, कारण ए विंगने खजिनदारांची घेतली होती. शेवटी विजेत्यालाच विचारावे असे ठरले.

'पाकिटात किती आहेत?' वायरमनने विचारले.

'एक हजार एक.'

'गेल्या गणपतीचं बिल बाकी आहे अडीच हजारांचं. त्यातले धरून टाका. आणि तो कप राहू द्या, ठेवायला जागा नाही.'

थकबाकीवादाचा इतका निखळ पुरस्कार खुद्द थकबाकीवाद्यांच्या तोंडूनही ऐकण्यात आला नव्हता. चषक खजिनदारांच्या चिरंजीवांना 'उत्तेजनार्थ' म्हणून देण्यात आला आणि ते मिळूनही त्यांचे 'थोडक्यात हुकले' ते हुकलेच.

पुढच्या वर्षी प्रस्तुत लेखक केवळ प्रेक्षक म्हणून मागच्या रांगेत बसला असताना, तिसऱ्या एकांकिकेच्या मध्यावर मंडपाचे दिवे पुन्हा गेले. तोच वायरमन, तेच स्टूल ओढत, तसाच वर चढला. वर पाहून तो काहीतरी पुटपुटला, दिवे आले, आणि तो निघून गेला. टाळी पडली नाही. पुढच्या खुर्चीवरचे गृहस्थ शेजाऱ्याकडे वळून हळूच म्हणाले, 'गेल्या वर्षीची सर नाही. आता त्याला कळायला लागलंय, की लोक बघतायत.'